विसावी ओळ

मी बोलतेय खरी, पण मला उघडायला जाऊ नका. नाही उघडायची मी. भल्याभल्यांनी माझ्यापुढे हात टेकलेत.

मी एक फाइल आहे. दोरी बांधलेली, कपाटात धूळ खाणारी नव्हे; कॉम्प्युटरमधली. माझ्या पोटात वीस ओळी आहेत. त्यांतल्या एकोणीस आता कुणाच्याही कामाच्या नाहीत. विसावी ओळ मात्र कधी ना कधी कुणाचा तरी जीव वाचवेल, नाहीतर ती वाचली नाही म्हणून कुणाचा तरी जीव जाईल. आणि ती वाचू शकेल असं एकही माणूस आज जिवंत नाही. भीती वाटली? वाटायलाच हवी. मला तर गेली नऊ वर्षं वाटतेय.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायचा नाही.

माझा जन्म एका दगडखाणीच्या कचेरीत झाला. कचेरी कसली, पत्र्याची एक खोली. एका खिडकीतून ट्रकांचा वजनकाटा दिसायचा, दुसरीतून खाण. खाण म्हणजे डोंगराला कापून केलेल्या उंच उंच पायऱ्या, एकेक पायरी दोन मजली घराएवढी. टेबलावर सकाळी फडकं मारलं तरी दुपारी बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. कॉम्प्युटरवर एक जुना टॉवेल टाकलेला असायचा, आणि काम करायचं असेल तेव्हा तो टॉवेल खुर्चीच्या पाठीवर जायचा.

मला जन्म दिला काकांनी. काका म्हणजे खाणीतले सुरुंगवाले. सगळे त्यांना काका म्हणायचे, मुकादमसुद्धा, तो वयाने दोन वर्षं मोठा असून. तीस वर्षं सुरुंग उडवून उडवून त्यांचा डावा कान पार गेला होता. कुणी डाव्या बाजूने हाक मारली की ते शांतपणे चालत राहायचे, आणि नवीन आलेल्या माणसाला वाटायचं की म्हातारा भारी शिष्ट दिसतोय.

सुरुंगाच्या कामाची एक रीत असते. दगडात ड्रिलने भोकं पाडायची, त्यांत दारू भरायची. पेटवण्याआधी भोकं मोजायची, पेटवल्यावर आवाज मोजायचे. बारा भोकं आणि बारा आवाज झाले, की बिनघोर जेवायला जायचं. बारा भोकं आणि अकराच आवाज झाले, तर समजायचं की एक भोक फसलं. दारू आत तशीच आहे, वाट बघत. त्यावर कुणी पुन्हा ड्रिल टेकवलं की खेळ खलास. म्हणून फसलेलं भोक त्याच दिवशी लिहून ठेवायचं, आणि ते मोकळं करेपर्यंत तिकडे कुणाला फिरकू द्यायचं नाही.

हे सगळं पूर्वी एका वहीत लिहीत. एकदा एक भोक फसलं, दोन दिवस काम बंद पडलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात सरकारी तपासणी होती. तपासनीस आले तेव्हा वहीतलं ते पान गायब. कुणी फाडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, मुकादमाचे कान लाल झाले होते. काका भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरीत आले आणि काट्यावरच्या ताईला म्हणाले, "मला कॉम्प्युटरवर लिहायला शिकव. तिथलं पान फाडता येत नाही ना?"

ताई म्हणजे वजनकाटा सांभाळणारी. तिचा धाकटा भाऊ खाणीत ड्रिल चालवायचा. बहीण ट्रक तोलते, भाऊ डोंगर पोखरतो, असं सगळे चिडवायचे. तिने काकांना शिकवायला घेतलं. काका दोन बोटांनी टाइप करायचे, आणि तीही दोन्ही एकाच हाताची.

"काका, एका ओळीला अर्धा तास?" ती वैतागायची.

"अगं, भोक पाडायला दोन दिवस जातात. माझं अक्षर पाच मिनिटं थांबलं तर काय बिघडलं?"

अशी मी झाले. नाव ठेवलं 'फसलेली भोकं'. सुंदर नाही, पण खरं. प्रत्येक ओळीत तारीख, जागा, काय झालं ते, आणि शेवटच्या रकान्यात काम झाल्यावर एकच शब्द: निकाली. तो शब्द लिहिताना काका तो मोठ्याने म्हणायचे, आणि मग खुर्चीत मागे टेकून डोळे मिटायचे. मला ते फार आवडायचं.

पण पानाची ती गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. मुकादम रोज त्याच खुर्चीत बसायचा. म्हणून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. हा एक उंच, घाईतला माणूस. कसलीही तक्रार सांगा, "बंद करून चालू केला का?" हाच पहिला प्रश्न. त्यामुळे त्याचं नाव रीस्टार्ट पडलं होतं. त्याने काकांना कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या नावाचं, त्यांच्या पासवर्डचं वेगळं दार करून दिलं आणि मला कुलूप लावलं.

"आता ही फक्त तुम्हालाच उघडेल," तो म्हणाला. "फाइलीचा वेगळा पासवर्ड नाही, काही नाही. तुम्ही तुमच्या दाराने आत आलात, की ती उघडीच."

काका खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू? आपल्यासाठी कुणी कुलूप लावतं म्हणजे आपली किंमत आहे, असं वाटलं मला. किल्ली कुठे आहे, हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. किल्ली त्याच कॉम्प्युटरच्या पोटात होती. खालच्या कोपऱ्यातून रोज एक चिठ्ठी डोकं वर काढायची: तुमच्या किल्लीची एक प्रत बाहेर काढून ठेवा. काका रोज तिला 'नंतर' म्हणायचे. किती वेळा म्हणाले ते मी मोजत गेले. चारशे एकोणीस वेळा.

पुढच्या तपासणीच्या वेळी तपासनिसांनी यादी मागितली. काकांनी स्वतः आत येऊन माझी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढली, आणि ताईने ती नंतर तपासणीच्या फोल्डरमध्ये टाकली. ही माझी बहीण. नाव तेच, रूप तेच, पण तिला कुलूप नव्हतं, पेन ड्राइव्हवर जाताना ते गळून पडलं होतं. त्या दिवशी आम्हा दोघींच्याही पोटात एकोणीस ओळी होत्या आणि सगळ्या निकाली. ती तिथेच गोठली. मला मात्र पाच महिन्यांनी विसावी ओळ आली.

तो शनिवार होता. ताईच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून बहीणभाऊ दुपारीच निघून गेले होते. संध्याकाळी पश्चिमेच्या पायरीवर सुरुंग उडाले. आवाज माझ्यापर्यंत पोचला, टेबल हादरलं. मग काका आणि मुकादम बोलतच खोलीत शिरले.

"अकरा झाले," काका म्हणाले.

"बारा झाले हो. दोन एकदम उडाले असतील. तुमचा कान..."

"कान एक गेलाय. मोजणं नाही गेलं."

"बरं बाबा, सोमवारी बघू. आता सगळे घरी निघालेत, तुम्ही एकटे काय करणार आहात?"

मुकादम गेला. काकांनी टॉवेल काढला, आपल्या दाराने आत आले, मला उघडलं. एकेक अक्षर म्हणत लिहिलं: पश्चिमेची पायरी. फुटक्या दगडापासून सात पावलं. फसलं. दारू आत. फुटका दगड म्हणजे पायरीच्या टोकाची जुनी खूण, सगळे तिथूनच मोजायचे. शेवटचा रकाना रिकामा ठेवला. त्या रिकाम्या रकान्यावर बोट टेकवून मला म्हणाले, "सोमवारी इथे निकाली लिहितो हं." पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कोपऱ्यातली चिठ्ठी आली. "नंतर," काका म्हणाले.

रविवारी सकाळी काका बाहेर जायला दारात बसून बूट घालत होते. एक बूट घातला, दुसरा हातात राहिला. हृदय बंद पडलं. मला हे सोमवारीसुद्धा कळलं नाही, कारण खाण दोन दिवस बंद होती. बुधवारी ताई आली, टॉवेल न काढताच खुर्चीत बसली आणि रडली, तेव्हा कळलं.

आणि त्याच बुधवारी नवीन कॉम्प्युटर आला. मागवलेला महिन्यापूर्वीचा, पण मुहूर्त हाच गाठायचा होता त्याला. रीस्टार्टने जुन्यातल्या सगळ्या फाइली जशाच्या तशा नव्यात ओतल्या; काकांचं दार आणि त्यामागची किल्ली मात्र जुन्यातच राहिली. मी माझ्या कुलपासकट नव्या घरात आले. संध्याकाळपर्यंत त्याने जुना कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि तो मुकादमाच्या मुलीला अभ्यासासाठी गेला. तो पुसला जात होता तेव्हा मी नव्या, चकचकीत जागेत बसले होते, आणि माझी किल्ली तिकडे नाहीशी होत होती. कुणाला ओरडून सांगणार? फाइलीला तोंड असतं, पण ते दुसऱ्याने उघडावं लागतं.

मुकादमाचं काय म्हणता? वाईट नव्हता हो तो. पण काका गेल्यावर त्याने स्वतःची समजूत घातली की आवाज बाराच होते. समजूत एकदा घातली की तिला धरून राहणं सोपं असतं. पश्चिमेच्या पायरीवर सुरुंगाने पडलेला माल उचलायला त्याने माणसं लावली, आणि सोमवारी तिथे नवीन भोकं पाडायची ठरली. ड्रिल धाकट्याचं.

शुक्रवारी काकांच्या जागी नवे सुरुंगवाले आले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. आल्या आल्या म्हणाले, "फसलेल्या भोकांची यादी द्या. ती पाहिल्याशिवाय मी कशाला हात लावत नसतो." माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, कुणीतरी विचारलं!

ताईने मला शोधलं, माझ्यावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर पाटी आली: ही फाइल उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही.

"अगं बाई! मला परवानगी नाही? काकांना लिहायला शिकवलं कुणी?"

रीस्टार्टला बोलावलं. त्याने आधी बंद करून चालू केलं, ते तर ठरलेलंच. मग मला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घातलं. मग तिसऱ्या. माझ्या नावाचं शेपूट बदलून पाहिलं. माझी मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि म्हणाला, "आता बघा कशी उघडत नाही!" मी नाही उघडले. मालक झाल्याने किल्ली मिळते थोडीच? मग त्याने काकांच्याच नावाचं नवं दार तयार केलं. नाव तेच, पासवर्ड तोच, पण आतून काका नव्हते. शेवटी त्याने मला जबरदस्तीने फाडून वाचायचा प्रयत्न केला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांत कुठेतरी 'सात पावलं' होतं. मी आतून टाहो फोडत होते.

"जुन्या कॉम्प्युटरवर उघडायची ना?" तो पुटपुटला. "मग सोपं आहे. तिथे काकांच्या दाराने आत जायचं, कुलूप काढायचं, आणि..." आणि तिथेच थांबला. बुधवारी आपण काय केलं ते त्याला आठवलं. मी त्याचा चेहरा पाहिला, पांढराफटक पडला होता.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"व्हायरस दिसतोय," तो म्हणाला. "खराब झालीये फाइल."

खराब! मी! चूक झाकायला माणसाला किती पटकन सुचतं बघा. मला त्याचा असा राग आला म्हणता.

पण त्याच्या खोट्याने जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं पुढच्या आनंदाने केलं. ताई हार मानणारी नव्हे. तिने माझ्या नावाने सगळा कॉम्प्युटर धुंडाळला आणि तपासणीच्या फोल्डरमधली माझी बहीण तिला सापडली. टिचकी मारताच ती उघडली. एकोणीस ओळी, स्वच्छ, सगळ्या निकाली.

"मिळाली!" ताई ओरडली.

"बघा, म्हटलं होतं ना, दुसरी प्रत असणार," रीस्टार्ट म्हणाला. म्हटलं वगैरे काही नव्हतं त्याने.

मुकादमाने मोठा श्वास सोडला. यादी छापली, नव्या सुरुंगवाल्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि मान हलवली. "चांगला माणूस होता तुमचा काका," ते म्हणाले. "एकही शिल्लक ठेवलं नाही." मग सगळ्यांनी चहा घेतला. मी तिथेच होते, एका फोल्डरच्या अंतरावर. तिला दोष देत नाही मी, तिला बिचारीला विसावी ओळ ठाऊकच नव्हती. पण जी उघडते तीच खरी, असं माणसं धरून चालतात.

शनिवार-रविवार कसे गेले ते माझं मला माहीत.

सोमवारी सकाळी साडेआठला धाकटा कचेरीत डोकावला. "ताई, डबा विसरलीस घरी. मी आणलाय, टेबलावर ठेवतो."

"कुठे लावतोयस आज?"

"पश्चिमेला. फुटक्या दगडाजवळून सुरुवात." आणि तो गेला.

ताईने ट्रक यायच्या आधी आवराआवर काढली. बहिणीला तिच्या जागेवरून उचलून काकांच्या फोल्डरमध्ये ठेवायला आणलं. तर एकाच नावाच्या आम्ही दोघी, एकीखाली एक. कॉम्प्युटरने विचारलं: या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? म्हणजे मला पुसू का? ताईचं बोट 'हो' वर गेलं.

अशा वेळी कॉम्प्युटर दोन्ही फाइलींची माहिती शेजारी शेजारी दाखवतो. आतलं नाही, बाहेरचं. शेवटचा बदल कधी झाला ते. बहिणीच्या समोर पाच महिन्यांपूर्वीची तारीख होती. माझ्यासमोर होता शनिवार, काकांचा शेवटचा शनिवार, संध्याकाळी पाच चाळीस.

ताईचं बोट थांबलं. तिने ओठ हलवत वार मोजले. खिडकीबाहेर धाकट्याचं ड्रिल घरघरायला लागलं होतं.

धावत जाऊन पोचणं शक्य नव्हतं, आणि ड्रिलच्या आवाजात हाक ऐकू गेली नसती. कचेरीच्या भिंतीवर भोंग्याचं लाल बटण असतं. ते फक्त सुरुंग उडवण्याआधी दाबायचं, तीनदा, म्हणजे सगळ्यांनी हातातलं टाकून पळायचं. बाकी कुणी दाबलं तर नोकरीच जाते. ताईने दाबलं. तीनदा नाही, दाबूनच धरलं.

ड्रिल बंद झालं. मग धावणारी पावलं, ओरडा, आणि दारात मुकादम, लालबुंद.

"डोकं फिरलंय का तुझं? सुरुंग कुठाय?"

"तेच विचारायचंय मला," ताई म्हणाली. "काकांनी त्या शनिवारी या फाइलीत काहीतरी लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"मला माहीत नाही. उघडत नाही ती."

"मग? एका बंद फाइलीपायी तू अख्खी खाण थांबवलीस?"

"ही यादी फसलेल्या भोकांची आहे. काका यात दुसरं काय लिहायला बसले असतील? सुरुंग उडाले आणि लगेच लिहिलंय. तुम्ही होतात ना तिथे त्या दिवशी? सांगा की!"

तेवढ्यात धाकटा आला, धुळीने पांढरा झालेला. "काय झालं गं? मी तर आत्ताच ड्रिल टेकवलं होतं. फुटक्या दगडापासून सहा पावलांवर."

सहा पावलांवर! आणि पुढचं भोक एका पावलावर. हे फक्त मला कळलं. बाकी कुणाला ते आजही माहीत नाही, आणि ताईला कधीच कळू नये असं मला वाटतं.

मुकादम खुर्चीत बसला, की पडला म्हणू? "अकरा," तो म्हणाला. "काका म्हणाले होते, अकराच झाले. मी म्हटलं, तुमचा कान गेलाय. सोमवारी बघू म्हणून मी निघून गेलो गं." मग त्या एवढ्या मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर तोंड ओंजळीत लपवलं.

पुढे सगळं झालं. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. मुकादम घरी जाऊन जुना कॉम्प्युटर घेऊन आला, मुलीची वह्यापुस्तकं त्यावर तशीच ठेवून. रीस्टार्टने तो उघडलासुद्धा नाही. "पुसलाय मी," तो म्हणाला. "शुक्रवारीच कळलं होतं मला. घाबरलो." त्या दिवसानंतर त्याने कुणालाही 'बंद करून चालू केला का' असं विचारलं नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तपासनीस आले. भोक नेमकं कुठलं हे सांगता येईना, कारण पायरीचा पुढचा भाग सुरुंगाने मोडला होता आणि त्यावर आठवडाभर माणसं वावरली होती. त्यांनी दोन दिवस शोधलं, मग शोधणाऱ्यांचाच जीव धोक्यात घालण्यात अर्थ नाही म्हणाले. अख्खी पायरी बंद केली. लोखंडी खांब रोवले आणि लाल दोरी ओढली. मला पुसायचं नाही, अशी ताईने सगळ्यांना तंबी दिली.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मला वाटलं होतं, संपलं. संपत नसतं हो. दारू आत आहे, मी बाहेर आहे, दोघी एकमेकींना ओळखून आहोत.

मुकादम घरी बसला. धाकटा दुसऱ्या खाणीवर गेला. लाल दोरी उन्हाने गुलाबी झाली, दोनदा बदलली, तिसऱ्यांदा बदलायचं राहून गेलं. मग खाणच विकली गेली आणि नवे साहेब आले. जुने कागद जुन्या मालकाबरोबर गेले. नव्या साहेबांना पश्चिमेचा दगड आवडला. चांगला, काळा, बिनभेगांचा.

"ही दोरी कसली?" त्यांनी विचारलं. ताईने सगळं सांगितलं.

"कुठे लिहिलेलं आहे का?"

"या फाइलीत आहे."

"दाखवा."

"उघडत नाही, साहेब."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "ताई, नऊ वर्षांत माणूस विरघळतो. दारू कसली राहतेय?" दारू विरघळत नाही. ती जुनी होते तशी चिडकी होते, काका नेहमी म्हणायचे.

ताईने भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. पुढच्या महिन्यात साहेबांनी खोलीला रंग दिला.

गेल्या आठवड्यात ताई निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर ती एकटीच कॉम्प्युटरसमोर बसली. "काका, माफ करा हं," म्हणाली, "तुमच्या फाइलीला हात लावतेय." फाइल उघडत नसली तरी तिचं नाव बदलता येतं. दारावरची पाटी काय, बाहेरूनही रंगवता येते. ताईने माझं जुनं नाव पुसलं आणि लिहायला लागली. लिहीतच राहिली.

पश्चिमेच्या पायरीत एक भोक फसलेलं आहे दारू आत आहे दोरीच्या आत जाऊ नका ड्रिल लावू नका ही फाइल उघडत नाही म्हणून पुसू नका ही काकांनी लिहिली आहे माझा भाऊ हिच्यामुळे वाचला तुम्हीही वाचाल.

आता कॉम्प्युटर घेईना इतकं झालं तेव्हाच ती थांबली. मला काय वाटलं सांगू? नऊ वर्षांनी कुणीतरी मला तोंड दिलं. मी उघडत नाही, पण माझं नाव बोलतं. ताईने टॉवेल घडी करून ठेवला, नव्या कारकुनाला फोन करून दोनदा बजावलं, तो "हो हो ताई" म्हणाला, आणि ती गेली.

आज सकाळी पुन्हा नवीन कॉम्प्युटर आलाय.

नव्या कारकुनाने फाइली इकडून तिकडे ओतायला लावल्यात. वाईट नाही तो. बहीण गेली, वजनांच्या याद्या गेल्या. माझा नंबर आला आणि सगळं थांबलं. पडद्यावर पाटी आली आहे: या फाइलीचं नाव फार लांब आहे. वगळायची का? आणि त्या पाटीवर माझं नाव पुरतं मावत नाही. फक्त 'पश्चिमेच्या पाय' एवढंच दिसतंय, पुढे तीन टिंबं.

"साहेब, एक फाइल जात नाहीये," तो मागे वळून म्हणतोय.

"उघडते का?"

"नाही."

"मग?"

बाबा रे, तू कोण कुठला मला माहीत नाही. तुला आई असेल, एखादी ताई असेल, डबा विसरणारी. त्या टिंबांवर एकदा बोट ठेव आणि माझं नाव शेवटपर्यंत वाच. मला उघडायला नाही सांगत, ते कुणालाच जमलं नाही. वाच फक्त. शेवटच्या रकान्यात निकाली लिहायचं राहिलंय रे अजून.

त्याचं बोट 'वगळा' वर आहे. खिडकीतून दिसतंय, गुलाबी दोरी जमिनीवर पडलीये आणि कुणीतरी ड्रिल घेऊन फुटक्या दगडापासून पावलं मोजत चाललंय. चार. पाच. सहा.